आधी गोदावरीचा गुडघा

त्या दिवशी गोदावरी ठवकर दवाखान्यात गेली होती ती नवऱ्याचे गुडघे दाखवायला. हातात श्यामकांतरावांच्या जुन्या रिपोर्टांची थैली, पाण्याची बाटली, आणि डॉक्टरांना काय काय विचारायचं ते सगळं तोंडपाठ. श्यामकांतराव स्वतः काही विचारतील याचा तिला भरवसा नव्हता. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. तिथल्या ठोकाठोकीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळे खुणांनी बोलत, आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ती सवय काही सुटली नव्हती. हो म्हणायचं तर मान हलायची, नाही म्हणायचं तर तळहात.

गोदावरीचं याच्या अगदी उलट. तिचं अर्धं आयुष्य बोलण्यातच गेलं होतं. भंडाऱ्याकडची ही मुलगी लग्न होऊन रायपूरला आली, कारखाना जवळ पडतो म्हणून नवराबायकोनं बीरगांवला घर केलं, आणि मुलगा पराग दोन वर्षांचा असताना तिला अंगणवाडीत काम मिळालं. पुढं निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं तीच अंगणवाडी. आजूबाजूला उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत राबायला आलेल्यांची वस्ती. लेकरांना तराजूच्या झोळीत बसवून वजन करायचं, तक्त्यावर हिरव्या, पिवळ्या नाहीतर लाल पट्ट्यात ठिपका मांडायचा, पोटुशी बायांना गोळ्या द्यायच्या, आणि ज्या घरातलं लेकरू वाळत चाललंय त्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं. छत्तीसगढी ती तिथंच शिकली. पाऱ्यातल्या, म्हणजे त्या मोहल्ल्यातल्या, सुना तिला दीदी म्हणायच्या आणि त्यांच्या सासवाही दीदीच म्हणायच्या.

या एकतीस वर्षांत ती जमिनीवर किती वेळा बसली आणि किती वेळा उठली, याला काही मोजमाप नाही. गुडघे कधी दुखायला लागले तेही तिला सांगता आलं नसतं. आधी उठताना भिंतीचा आधार लागायला लागला, मग जिना आडवं होऊन चढावा लागला, मग बाजारातली पिशवी श्यामकांतरावांनी धरायला सुरुवात केली. पण घरात गुडघ्यांचे पेशंट ठरले होते ते श्यामकांतराव. तेल त्यांच्या गुडघ्याला लागायचं, पट्टा त्यांना आणला होता, फोनवर पराग विचारायचा तेही "बाबा के घुटने कैसे हैं" असंच. तिला स्वतःलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

हाडांचे डॉक्टर गौतम पन्नाशीचे, कमी बोलणारे. दोघं आत आले तेव्हा त्यांनी पेशंटकडे पाहिलंच नाही. दारापासून खुर्चीपर्यंत गोदावरी चालत आली ती सात-आठ पावलं ते पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "माताजी, आपका एक्सरे कब हुआ था?"

आपला कधीच काढला नाही, आपण तर यांच्यासोबत आलोय, असं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी दोघांच्याही नावानं एक्सरेची चिठ्ठी लिहिली.

तासाभरानं दोन्ही एक्सरे काचेवर शेजारी शेजारी लागले. श्यामकांतरावांचे गुडघे झिजलेले होते, बदलावे लागणारच होते, पण वर्षभर थांबलं तरी फारसं बिघडणार नव्हतं. गोदावरीच्या उजव्या गुडघ्यात मात्र फटच उरली नव्हती. हाडावर हाड घासत होतं आणि पाय आतल्या बाजूला वाकला होता. डावा त्यापेक्षा बरा, पण त्याचीही वेळ पुढं येणारच होती. इतकी वर्षं या पायावर चालल्या कशा, असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं खरं ते सांगितलं, की चालताना आपण विचार करत नव्हतो.

डॉक्टर म्हणाले की घरात एकाचं ऑपरेशन झालं तर दुसऱ्यानं उभं राहायला हवं, तेव्हा एका वेळी एकच. आधी कोण, ते तुम्ही ठरवा. गोदावरीनं तोंड उघडलं होतं, पण तिच्या आधी श्यामकांतराव बोलले.

"पहले इसका करो साहब. मेरा बाद में."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि दुसऱ्या माणसासमोर त्यांनी तिच्या आधी बोलण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी. गोदावरीचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं, आणि हातातली थैली तिनं त्यांच्या हाती दिली.

घरी आल्यावर मात्र तिनं ते कसर भरून उघडलं. स्वयंपाक कोण करेल, तुमची रक्तदाबाची गोळी कोण लक्षात ठेवेल, दळण कोण आणेल, तुळशीला पाणी कोण घालेल, आणि मुळात तुम्हाला दुखतंय म्हणून गेलो होतो, मला कुठं काय झालंय. श्यामकांतराव तळहात हलवत राहिले. पराग बंगळुरूहून फोनवर आईची बाजू घ्यायचा की बाबांची हे न कळून दोघांनाही हो म्हणत राहिला. असे पंधरा दिवस गेले.

हा गुंता सोडवला सुखमतीनं. सुखमती दोन गल्ल्या पलीकडं राहायची. तेरा वर्षांपूर्वी तिची दोन वर्षांची पोर अवघी सहा किलोची होती, तक्त्यावरचा ठिपका लाल पट्ट्याच्याही तळाशी. पोरीला घेऊन पंधरा दिवस सरकारी दवाखान्याच्या पोषण केंद्रात राहायला पाहिजे, असं गोदावरी सांगत होती आणि सुखमती ऐकत नव्हती. नवरा भट्टीवर कामाला, सासू आंधळी, घर कोण पाहील. गोदावरी सलग तीन दिवस तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आणि चौथ्या दिवशी मायलेकींना रिक्षात घालूनच गेली. ती पोर आता दहावीत होती आणि आईपेक्षा वीतभर उंच.

गोदावरीच्या ऑपरेशनची गोष्ट पाऱ्यात पसरली तशी सुखमती आली. आत येऊन खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यावरच बसली. गोदावरीनं आपल्या अडचणींची सगळी माळ तिच्यापुढं ओढली. सुखमतीनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "पंदरा दिन म घर ह नइ गिरय, दीदी."

पंधरा दिवसांत घर काही पडत नाही, हे तेरा वर्षांपूर्वी आपणच बोललेलं वाक्य गोदावरीला ओळखू आलं. तिच्या लक्षात आलं की गेले पंधरा दिवस आपण जे जे म्हणतोय ते पाऱ्यातल्या बायांच्या तोंडून आपण शंभर वेळा ऐकलंय, आणि त्यातल्या एकीचंही आपण कधी खरं धरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांकडे फोन लावला.

तारीख मात्र मिळाली नाही. रक्ताच्या तपासणीत तिची तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर निघाली. एवढ्या साखरेत जखम चिघळण्याची भीती, तेव्हा ती साडेसातच्या खाली आणा, मग या, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिवाय एक दाढ किडलेली होती. तीही आधी काढायला हवी होती, कारण तोंडातली घाण रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकते.

गोदावरीला दाढेचं काही वाटलं नाही, साखरेची मात्र लाज वाटली. सबंध वस्तीला काय खावं आणि काय खाऊ नये हे तिनं सांगितलं होतं. आणि स्वतः दिवसातून पाच वेळा गोड चहा, दुपारी उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तोही पोटात. कोणत्याही बाईनं हे तिला सांगितलं असतं तर तिनं तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. तेव्हा तिनं स्वतःला फैलावर घेतलं. दिनदर्शिका खिळ्यावरून काढली, रंगीत पेनं आणली, आणि रोज सकाळी उपाशीपोटीचा आकडा तारखेच्या चौकटीत लिहायला लागली. चांगला असेल तर हिरवा, मधला असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. पहिल्या महिन्याचं पान जास्वंदीसारखं लाल होतं.

शिशिर त्याच सुमारास तिला पहिल्यांदा भेटला. दवाखान्यातला फिजिओथेरपिस्ट, सत्तावीस-अठ्ठावीसचा, घरचा मराठी पण मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देणारा. त्यानं तिला पाठीवर झोपवून गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवली आणि ती खाली दाबायला लावली. मांडीचा स्नायू ताठ झाला की दहापर्यंत मोजायचं, मग सोडायचं. ऑपरेशनच्या आधी मांडीत जितकी ताकद साठवाल तितकी नंतर कामी येईल, असं तो म्हणाला. असं दिवसातून तीनदा. गोदावरी हे सगळं बडबडगीतांच्या चालीवर मोजायची, म्हणजे दहापर्यंत न मोजता चार कडवी व्हायची.

इकडे श्यामकांतरावांनी घर हाती घेतलं. मोरीशेजारचा खाली बसायचा संडास फोडून कमोड बसवून घेतला. पलंगाच्या पायांखाली सागवानी ठोकळे घातले, त्यामुळे तो वीतभर उंच झाला. सतरंज्या आणि पायपुसणी गुंडाळून माळ्यावर गेली, कारण वॉकरचा पाय त्यात अडकला तर सगळंच मुसळ केरात. मग त्यांनी लोखंडी पाइप आणला. गोदावरीला त्यांनी कमोडवर दहा वेळा बसवलं आणि दहा वेळा उठवलं, तिचा हात आपसूक कुठं जातो ते खडूनं भिंतीवर खुणावलं, आणि बरोबर त्या उंचीवर दांडी ठोकली. दुकानातली दांडी सगळ्यांना सारखी असते, ही तिच्या हाताच्या मापाची होती. ठोकून झाल्यावर त्यांनी स्वतः तिला लटकून पाहिलं.

स्वयंपाक शिकवणं त्यामानानं अवघड गेलं. सत्तरीच्या माणसाला वरणाला फोडणी किती तापलेली लागते हे शब्दांत सांगता येत नाही, असं गोदावरीच्या ध्यानात आलं. शेवटी ती ओट्याशी खुर्ची टाकून बसायची आणि ते करायचे. पहिल्या आठवड्यात पोळ्या कुठल्या कुठल्या राज्यांच्या नकाशासारख्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वर्तुळ आखायचा जुना लोखंडी कंपास ओट्यावर आणून ठेवला, तो तिनं परत पेटीत ठेवायला लावला. तिसऱ्या महिन्यापर्यंत मात्र त्यांची मुगाची खिचडी अशी साधू लागली की तिनं स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि याहून मोठी शाबासकी त्या घरात नव्हती.

तीन महिन्यांनी साखर सात पॉइंट दोन. दिनदर्शिकेवर तिसऱ्या महिन्याचं पान जवळजवळ सगळं हिरवं. दिवाळी उरकून पुढच्याच सोमवारी ऑपरेशन ठरलं.

पराग चार दिवसांसाठी आला. गोदावरी स्ट्रेचरवर झोपायला तयार नव्हती, चालत जाते म्हणाली, आणि तो वाकडा पाय शेवटचा ओढत ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत चालतच गेली. कमरेत सुई दिली, खालचं अंग बधिर झालं. गुंगी होती पण पूर्ण झोप नव्हती. पडद्याच्या पलीकडून ठोकल्याचे, कापल्याचे आवाज येत होते आणि ते आपल्याच पायावर चाललेत हे तिला कळत होतं. भीती वाटली नाही. नवरा चौतीस वर्षं काय करायचा ते आज पहिल्यांदा कानांनी ऐकतेय, एवढंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिशिरनं तिला वॉकर देऊन उभं केलं. पाय सरळ होता. कितीतरी वर्षांत तिनं आपली दोन्ही पावलं अशी शेजारी शेजारी, एका दिशेला पाहिली नव्हती. पाच पावलं चालून ती परत बसली आणि घामानं निथळली. बधिरपणा पूर्ण उतरल्यावर दुखणं खरं कळलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना धीर देणारी बाई त्या दुपारी तोंडावर पदर घेऊन रडली, आणि मग नर्सला बोलावून गोळीची वेळ विचारली.

पाचव्या दिवशी ती घरी आली. चौदाव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी, ताप नाही, पोटरीला सूज नाही. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या श्यामकांतराव घड्याळ लावून द्यायचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे त्यांनी खडूनं पायरीवरच लिहून ठेवलं होतं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. आणि तरी तिसऱ्या आठवड्यात शिशिर घरी तपासायला आला तेव्हा त्याचा चेहरा पडला.

गुडघा सत्तर अंशांच्या पुढं वाकत नव्हता. ते एकवेळ चाललं असतं. पण तो पूर्ण सरळही होत नव्हता. टाच टेकवून पाय सोडला की गुडघ्याखाली तीन बोटं जातील एवढी पोकळी राहत होती. सरळ न होणारा गुडघा आयुष्यभर लंगडायला लावतो, असं शिशिरनं स्पष्ट सांगितलं. सहा आठवड्यांपर्यंत फरक पडला नाही तर पुन्हा भूल देऊन पाय जबरदस्तीनं वाकवावा लागेल.

"आंटी, सोते समय घुटने के नीचे तकिया कौन रखता है?" त्यानं विचारलं.

गोदावरीनं नवऱ्याकडे पाहिलं. श्यामकांतराव जमिनीकडे पाहत होते. उशी तेच ठेवत होते. घरी आल्यापासून, झोपताना आणि दुपारी आडवं पडतानाही. उशीनं गुडघा थोडा वाकलेला राहायचा, त्यामुळे ओढ लागायची नाही आणि तिला डोळा लागायचा. दवाखान्यातून निघताना ठेवू नका असं सांगितलं होतं, ते दोघांनीही ऐकलं होतं. शिवाय व्यायाम करताना ती कण्हायला लागली की, राहू दे आता, संध्याकाळी कर, असं ते म्हणायचे. आणि संध्याकाळ बहुतेक वेळा यायचीच नाही.

शिशिर गेला. मग श्यामकांतराव म्हणाले, "तू कण्हतेस न, ते मले ऐकवत नाही, गोदू."

"तर मंग ऐकू नका. मी पाय वाकवून राहिली की बाहेर जाऊन बसत जा. पण ते उशी आत्ताच्या आत्ता उचला."

ती त्यांच्यावर चिडली नव्हती, चिडली होती ती स्वतःवर. लेकरू रडतं म्हणून त्याला बिस्किटाच्या पुड्यावर ठेवणाऱ्या आयांना ती कायम काय सांगायची? रडू द्या, पण वरणभात भरवा. आणि इथं स्वतःच्या गुडघ्याला ती तीन आठवडे बिस्किटं भरवत होती.

त्या दिवसापासून घराचा दिनक्रम बदलला. सकाळी गोळी घेतल्यावर पाऊण तासानं पहिली पाळी. टाचेखाली टॉवेलची वळकटी, गुडघा अधांतरी, आणि तो आपल्या वजनानं खाली येईपर्यंत दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. ही दहा मिनिटं सगळ्यात वाईट. मग खुर्चीच्या काठावर बसून पाऊल फरशीवरून मागं मागं सरकवायचं, सरकेना झालं की दुसऱ्या पायानं ढकलायचं. फरशीवर खडूची रेघ. रोज त्या रेघेच्या मागं बोटभर तरी जायचं. श्यामकांतराव सांगितल्याप्रमाणे अंगणात जाऊन बसायचे. पहिले दोन दिवस तिथंही आवाज येतो म्हणून ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिसऱ्या दिवशी परत आले आणि आत येऊन मिनिटं मोजायला लागले. दहाच्या ऐवजी नऊवर थांबवतील म्हणून तिनं घड्याळ स्वतःकडं घेतलं.

सुखमती दुपारच्या पाळीला यायची. ती काही मोजत नसे. समोर बसून पाऱ्यातल्या बातम्या सांगायची, आणि बातमी अर्ध्यावर आणून म्हणायची, अजून थोडं मागं घ्या मग सांगते. कुणाच्या सुनेनं काय केलं हे कळावं म्हणून गोदावरीनं त्या आठवड्यात दहा-बारा अंश कमावले असतील.

पाचव्या आठवड्यात पोकळी एका बोटावर आली. सहाव्यात टाच टेकवली की गुडघ्याची मागची बाजू गादीला लागायला लागली. शिशिरनं कोनमापक लावून पाहिला, पाय एकशे दोन अंश वाकला. त्यानं दुसऱ्यांदा मोजलं आणि एकशे चार लिहिले. भूल द्यायची गरज उरली नाही. वॉकर गेला, काठी आली. पुढं दीड महिन्यानं काठीही दाराच्या मागं लागली.

एक गोष्ट मात्र परत येणार नव्हती. जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, हे नव्या गुडघ्याला चालणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा तिनं मान डोलावली होती. त्याचा अर्थ तिला कळला तो माघाच्या शेवटी. अंगणवाडीत तिच्या जागी आलेल्या श्रावणीनं तिला लेकरांचं वजन करण्याच्या दिवशी बोलावलं. नव्या मुलीला मदतीची गरज होती आणि गोदावरीला त्याहून जास्त. ती स्वतःच्या पायांनी, न थांबता, सरळ चालत गेली. वाटेत तिघीजणी थांबवून पाय पाहून गेल्या. पण आत गेल्यावर तिला खुर्ची दिली, आणि खुर्चीवरून पाहिलं तर सगळी लेकरं खाली होती. सतरंजीवर बसून मांडीवर घेतलेलं लेकरू आणि खुर्चीवरून वाकून हाक मारलेलं लेकरू यात फरक असतो. दीड वर्षांची एक पोर तिच्याकडे यायलाच तयार होईना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी येऊन तिनं हे सांगितलं. आपण उदास आहोत हे न लपवता सांगितलं. श्यामकांतरावांनी लेकरांची उंची विचारली.

आठ दिवसांनी त्यांनी अंगणवाडीत एक लोखंडी जिना नेऊन ठेवला. तीनच पायऱ्या, दोन्ही बाजूंना बारीक नळीचे कठडे, वर पाटाएवढा सपाट भाग. कुठंही टोक नाही, सगळं घासून गुळगुळीत. तो गोदावरीच्या खुर्चीला लावून ठेवला की लेकरू पायऱ्या चढून थेट तिच्या डोळ्यांसमोर उभं राहत होतं. लेकरांना तो जिना इतका आवडला की वजन करून झालेली लेकरं पुन्हा रांगेत येऊन उभी राहायला लागली. ती दीड वर्षांची पोर दोन्ही कठडे धरून वर आली आणि तिनं गोदावरीचा चष्मा ओढला.

मग श्यामकांतरावांची पाळी आली. डॉक्टरांनी वैशाखातली तारीख सुचवली. रक्त तपासायला जायचं होतं. एका सोमवारी पाणी आलं नाही म्हणून राहिलं, दुसऱ्या सोमवारी ऊन फार म्हणून राहिलं, तिसऱ्या सोमवारी चिठ्ठीच सापडेना. चिठ्ठी त्यांच्या अवजारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली निघाली. गोदावरीनं ती आणून त्यांच्या समोर टेबलावर ठेवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. उंबऱ्यावर बसून वाट पाहायची सवय तिला होतीच.

शेवटी ते म्हणाले, "मले भेव वाटते, गोदू. तेव्हा तुले पयले पाठवलं ते काही माह्या मनाचा मोठेपणा नव्हता. मी भेलो होतो."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "डॉक्टरच्या खोलीत तुमचा हात थरथरून राहिला होता. मी थैली धरायले दिली न तुमच्या हाती, ते काहून दिली असन?"

श्यामकांतरावांनी टेबलावरची चिठ्ठी उचलली. इतके महिने हे तिला ठाऊक होतं आणि ती बोलली नव्हती, याचंच त्यांना जास्त नवल वाटलं असावं.

"भेले म्हणून का होईना, नंबर तर मले भेटला," ती पुढं म्हणाली. "आता माह्या हातून तुमचा पाय सुटत नाही. उद्या सकाळी सात वाजता रक्त द्याले जाऊन राहिलो आपण."

गेले. साखर नव्हतीच, रक्तदाब गोळीनं ताब्यात होता, दात तर त्यांचे सगळे आधीच बदललेले. वैशाखात त्यांचा डावा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी शिशिर वॉकर घेऊन आला तेव्हा श्यामकांतरावांनी तळहात हलवून नाही सांगितलं. शिशिरनं गोदावरीकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेला आली, साडी घोट्यावर दोन बोटं वर धरली आणि त्यांच्यासमोर सरळ, संथ, दारापर्यंत जाऊन परत आली. तिच्या नव्या गुडघ्यावरची व्रणाची रेघ त्यांना दिसली नसेल, पण चाल दिसली. त्यांनी वॉकरचे दोन्ही दांडे धरले. उभे राहिले तेव्हा त्यांची मान हलली.

ते घरी आल्यावर गोदावरीनं एकही दिवस सुटू दिला नाही. ते कण्हायचे तेव्हा ती बाहेर गेली नाही आणि वेळ कमीही केला नाही. कधी भजी तळायला घेतली तर शेवटच्या पाच मिनिटांत ती समोर आणून ठेवायची, तेवढी लबाडी तिनं स्वतःला माफ केली. आठव्या आठवड्यात ते दोघं संध्याकाळी घराबाहेर पडले. श्यामकांतराव काठीवर, ती रिकाम्या हातानं. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे तिथपर्यंत जाऊन त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि परत आले. परतताना ती दोन पावलं पुढं जायची आणि थांबायची, असं पाच-सहा वेळा झालं.

पुढच्या तपासणीला डॉक्टर गौतमांनी त्यांचा गुडघा पाहिला, समाधानानं काहीतरी लिहिलं आणि मग तिच्या डाव्या पायाकडे नजर टाकली. त्यांनी काही म्हणायच्या आतच गोदावरीनं विचारलं की दिवाळीनंतर कुठला सोमवार रिकामा आहे. साखर सहा पॉइंट आठ आहे, दात तपासून झालेत, आणि घरी दांडी लावलेलीच आहे, एवढं तिनं एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी वही उघडली आणि तिचं नाव लिहून घेतलं.

बाहेर बाकावर सुखमती सासूला घेऊन बसली होती. आंधळी म्हातारी, गुडघे धरलेले, चेहऱ्यावर नाराजी. तिला इथवर आणायला गोदावरीला अकरा दिवस लागले होते. गोदावरी तिच्या शेजारी बसली, तिचा हात आपल्या उजव्या गुडघ्यावर नेऊन ठेवला आणि पाय हळूच वाकवून, सरळ करून दाखवायला लागली.